रागमालेच्या वाटेवर वऱ्हाड

राग हा कानाचा विषय आहे. तरीही चारशे वर्षांपूर्वी आपल्या दख्खनमध्ये रागांच्या तसबिरी काढल्या जात होत्या, आणि त्या काढवून घेणाऱ्यांत मुसलमान सुलतान होते, सरदार होते, मोगल सुभेदार होते. त्या तसबिरींत शंकराची पूजा करणारी स्त्री आहे, झोपाळ्यावर बसलेला कृष्ण आहे, पावसात नाचणारा कृष्ण आहे, रानात एकटा बसून वीणा ऐकणारा जोगी आहे. हिंदू भक्तिसंगीतातला भाव मुसलमान आश्रयदात्याच्या पैशाने, त्याच्या कारखान्यात, त्याच्या आवडीने कागदावर उतरला. हा इतिहास ज्या वाटांवर घडला, त्यांतली एक मोठी वाट आपल्या वऱ्हाडातून जाते. बाळापूर, एलिचपूर, नरनाळा, गाविलगड ही नावे त्या वाटेवरची आहेत. आपण मात्र ही गावे लढायांच्या यादीत वाचतो, चित्रांच्या यादीत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या मुलांना रहीम हिंदीच्या तासाला दोहेकार म्हणून भेटतात आणि इतिहासाच्या तासाला अकबराचे सेनापती म्हणून. हे दोन्ही रहीम एकच आहेत, असे सांगितले की मुले चकित होतात. रामायणाची एक अप्रतिम सचित्र प्रत याच रहीम यांनी तयार करवून घेतली होती, असे सांगितले तर वर्गात दोन प्रकारचे चेहरे दिसतात. एका चेहऱ्यावर आनंद असतो. दुसऱ्या चेहऱ्यावर प्रश्न असतो, 'बाजी, मग ते मुसलमान होते ना?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो मुलाचा एकट्याचाही नाही. घरात, मोहल्ल्यात, वर्तमानपत्रात तो वेगवेगळ्या भाषेत विचारला जातो. एक बाजू म्हणते, ही चित्रे आपली नव्हेत, कारण त्यांत मूर्ती आहेत. दुसरी बाजू म्हणते, ही चित्रे तुमची नव्हेत, कारण तुम्ही बाहेरचे. दोन्ही बाजूंनी हात झटकले गेले की मधे उरते ते मूल. म्हणून हा इतिहास जरा नीट पाहावासा वाटतो.

रागमाला म्हणजे काय?

भारतीय संगीतात रागाला केवळ स्वरांची रचना मानलेले नाही. त्याला वेळ आहे, ऋतू आहे, स्वभाव आहे, कुटुंबही आहे. सहा मुख्य राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिणी, अशी छत्तीसांची मांडणी पुष्कळ ठिकाणी मानली गेली. काही परंपरांनी त्यात रागपुत्रही जोडले आणि संख्या वाढत गेली. प्रत्येक रागाचे एक ध्यान, म्हणजे शब्दचित्र, संस्कृतात व पुढे हिंदवीत रचले गेले. गायकाने गाण्यापूर्वी ते रूप मनात आणायचे. चित्रकाराने तेच रूप कागदावर आणले आणि अशा चित्रांच्या संचाला रागमाला हे नाव मिळाले.

भैरव राग बहुधा शिवरूपात येतो. भैरवी ही शिवलिंगापुढे पूजा करणारी स्त्री असते. हिंदोल झोपाळ्यावर असतो. मेघ हा काळ्या ढगांखाली नाचतो. तोडी ही वीणा घेतलेली विरहिणी असून तिच्या सुरांनी रानातली हरणे जवळ येतात. आसावरीच्या भोवती नाग असतात. केदार जोग्याच्या वेषात बसतो. नीट पाहिले तर यातल्या बहुतेक चित्रांत एकच गोष्ट चालू असते. कुणीतरी कुणाची तरी वाट पाहत असते. कधी ती प्रियकराची वाट असते, कधी देवाची, आणि पुष्कळदा या दोहोंत फरक करता येत नाही. आपल्या सूफींना ही भाषा अनोळखी नव्हती. इश्के-मजाजीतून इश्के-हकीकीकडे जाणारी वाट त्यांनी समाच्या मैफलीत शतकानुशतके चालून पाहिली होती. दख्खनमध्ये ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांच्या खानकाहीत सुरांना जागा होती. रागमालेतली विरहिणी मुसलमान श्रोत्याला परकी का वाटली नाही, याचे एक उत्तर येथे सापडते.

दुसरे उत्तर गायकांकडे आहे. ध्रुपद पिढ्यान् पिढ्या जपणारे डागर घराणे मुसलमान, आणि त्यांच्या ध्रुपदांत शिव, सरस्वती, कृष्ण. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब (१८७२–१९३७) मिरजेत राहिले, ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात त्यांनी हजेरी लावली आणि मराठी नाट्यपदे गाऊन मराठी माणसाच्या घरात शिरले. कृष्णाची बंदिश गाताना या उस्तादांच्या इमानाला तडा गेला, असे त्यांच्या मोहल्ल्याला वाटले नाही. कानाने जे स्वीकारले होते, तेच चित्रकाराने डोळ्यांपुढे ठेवले.

उत्तर दख्खनची चित्रे

दख्खनमधील जुन्या रागमाला चित्रांपैकी सर्वांत देखणी चित्रे साधारण १५९० ते १५९५ च्या दरम्यानची मानली जातात. त्यांतली काही नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. हिंदोल राग आणि पटहंसिका रागिणी ही त्यांतली नावे चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना माहीत असतात. स्त्रियांच्या अंगावर दख्खनी धाटणीचा पेहराव, मागे सपाट तेजस्वी रंग, वर देवनागरीत संस्कृत मजकूर. ही चित्रे नेमकी कोणत्या दरबाराची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कुणी अहमदनगरकडे बोट दाखवतात, कुणी विजापूरकडे. म्हणून संग्रहालये 'उत्तर दख्खन' एवढेच लिहितात. पण १५९० च्या सुमारास उत्तर दख्खन म्हणजे निजामशाहीचा मुलूख, आणि त्या मुलखात वऱ्हाड होते.

वऱ्हाडची स्वतःची सल्तनत त्यापूर्वी होऊन गेली होती. १४९० मध्ये बहमनी राज्य फुटू लागले तेव्हा फत्हुल्लाह इमादुल्मुल्क यांनी एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, इमादशाहीची स्थापना केली. हे फत्हुल्लाह जन्माने विजयनगरच्या मुलखातल्या कानडी ब्राह्मण घरातले होते. लढाईत पकडले गेले, मुसलमान झाले आणि वऱ्हाडचे सुभेदार होत होत सुलतान बनले. त्यांनी बांधवलेला नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा आहे. अकोला जिल्ह्यातल्या त्या किल्ल्यावर आजही जाता येते. कमानीवर अरबी अक्षरांची सुबक कोरीव पट्टी, आजूबाजूला दगडात उमललेली कमळे, आणि लोकांच्या तोंडी नाव महाकालीचे. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड हत्तींना पकडून बसलेला आहे. हा पक्षी कन्नड-विजयनगरच्या कलेतला, तो सातपुड्याच्या टोकावर सुलतानाच्या दरवाजावर येऊन बसला. वऱ्हाडी मुसलमानाच्या सरमिसळीचा दाखला हवा असेल तर तो पुस्तकात शोधण्याची गरज नाही. तो दगडात आहे.

१५७४ मध्ये मुर्तजा निजामशाहाने इमादशाही संपवली आणि वऱ्हाड अहमदनगरला जोडले. त्या अहमदनगरच्या दरबारात चित्रकला आधीपासून होती. हुसेन निजामशाहाच्या गौरवार्थ आफताबी नावाच्या कवीने रचलेल्या 'तारीफ-ए-हुसेनशाही' या फारसी काव्याची सचित्र प्रत १५६५ च्या सुमाराची असून ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात एक चित्र असे आहे की स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते. ही 'दोहद' कल्पना संस्कृत काव्यातली आणि देवळांच्या शिल्पांतली. फारसी काव्याच्या पोथीत, तालिकोटची लढाई जिंकणाऱ्या सुलतानाच्या स्तुतीत ती सहज येऊन बसली. याच पोथीत हुसेनशाहाची बेगम खुंजा हुमायूँ हिची चित्रे नंतर कुणीतरी पुसून टाकली. चित्र काढणारा हात होता, तसा पुसणारा हातही तेव्हापासूनच होता.

विजापूरची सरस्वती

या इतिहासाचे शिखर विजापुरात आहे. दुसरा इब्राहीम आदिलशाह १५८० मध्ये लहान वयात तख्तावर आला आणि १६२७ पर्यंत राज्य केले. संगीताचा इतका वेड असलेला सुलतान दख्खनने पाहिला नाही. त्याच्या तंबुऱ्याला नाव होते, मोतीखान. हत्तीला नाव होते, आतिशखान. 'किताब-ए-नौरस' हा गीतांचा संग्रह त्याने दख्खनीत रचला, रागांच्या नावांखाली गीते लावली, आणि त्यात सरस्वती, गणपती व गेसूदराज यांना एकाच आदराने हाक मारली. फारसी जाणणाऱ्यांना नऊ रसांची ओळख व्हावी म्हणून हे पुस्तक आहे, असे जहूरी या कवीने त्याच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. १५९९ मध्ये इब्राहीमने नौरसपूर नावाचे नगरच वसवायला घेतले. लोक त्याला जगद्गुरू म्हणू लागले.

त्याच्या दरबारात फर्रुख हुसेन नावाच्या मुसव्विराने १६०४ च्या सुमारास वीणा वाजवणाऱ्या सरस्वतीचे चित्र काढले. पुढे हे चित्र जयपूरच्या राजघराण्याच्या संग्रहात पोचले. सोनेरी सिंहासनावर देवी बसली आहे. चित्रावरच्या मजकुरात इब्राहीमचा पिता गणपती आणि माता सरस्वती असल्याचे लिहिले आहे. आज हे वाक्य कुणी मुसलमानाने लिहिले तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापुरात आला तेव्हा त्याला सुलतान गाण्यात इतका बुडालेला दिसला की प्रश्नाला धड उत्तर मिळेना. त्याने आणखी एक नोंद केली आहे, जी मराठी मुसलमानाने जपून ठेवावी. इब्राहीमला फारसी नीट बोलता येत नव्हती, आपल्या माणसांशी तो मराठीत बोलत असे.

आता वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. इब्राहीम मुसलमान होता का? विजापूरला जाऊन इब्राहीम रोजा पाहावा. त्याच्या कबरीच्या इमारतीच्या भिंती, दारे, खिडक्यांच्या जाळ्या कुराणाच्या आयतींनी भरलेल्या आहेत. दगडाची जाळी कापून अक्षरे केली आहेत, त्यातून उजेड आत येतो. सरस्वतीचे चित्र काढवून घेणारा माणूस कलामुल्लाहच्या सावलीत निजला आहे. या दोन गोष्टींत त्याला विसंगती वाटली नाही. त्याच्या काळातल्या सगळ्यांनाच असे वाटत होते, असे मात्र नाही. शाह सिब्गतुल्लाह हे शत्तारी बुजुर्ग दरबाराच्या या वळणावर नाराज होते. अखेर ते विजापूर सोडून गेले आणि मदीनेत स्थायिक झाले. म्हणजे आज आपण जो वाद घालतो तो नवा नाही. फरक एवढाच की तेव्हा वाद घालणारे दोघेही एकमेकांना मुसलमान मानत होते.

बाळापूर-बुऱ्हाणपूरचे रहीम

१५९६ मध्ये चांदबीबीने तहात वऱ्हाड मोगलांना दिले. अकबराचा मुलगा शहजादा मुराद बाळापूरजवळ तळ देऊन राहिला, तेथे त्याने शाहपूर वसवले, आणि १५९९ मध्ये दारूने त्याचा जीव घेतला. या मोहिमांचे खरे सूत्रधार होते अब्दुर्रहीम खानखाना (१५५६–१६२७). पुढे त्यांचे मुख्य ठाणे सातपुड्याच्या पलीकडे, तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात होते. त्यांचा थोरला मुलगा शाहनवाजखान वऱ्हाडात असे. १६१६ मध्ये मलिक अंबरवर चाल करून जाताना त्याची फौज बाळापुरातूनच निघाली होती.

या खानखानांच्या पदरी स्वतःचे चित्रकार आणि मोठे ग्रंथालय होते. मुश्फिक, फज्ल, नदीम, श्यामसुंदर ही त्यांच्या चित्रकारांची काही नावे. अकबराच्या हुकमाने वाल्मीकी रामायणाचा फारसी अनुवाद झाला होता. त्याची एक प्रत खानखानांनी स्वतःसाठी करवून घेतली. १५९७ ते १६०५ या वर्षांत तिचे काम झाले आणि तिच्यात १३० चित्रे आहेत. आज ती अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. तिच्या कोऱ्या पानावर रहीम यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात ग्रंथाची ओळख लिहिली आहे. हे पुस्तक रामचंद्राचे चरित्र आहे, वाल्मीकींनी रचले आणि नकीबखानांनी फारसीत आणले, असे ते सांगतात. त्यांच्याच कारखान्यातली मानली जाणारी १८ रागमाला चित्रे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. आर्चबिशप लॉड यांनी ती १६४० मध्ये तेथे दिली, म्हणून जगात ती 'लॉड रागमाला' या नावाने ओळखली जातात. काढवून घेणाऱ्याचे नाव मागे पडले, दान देणाऱ्याचे चिकटले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. १५९७ च्या आरंभी गोदावरीकाठी आष्टीला मोठी लढाई झाली. एका बाजूला खानखाना, दुसऱ्या बाजूला दख्खनी सुलतानांची फौज, तिचा सेनापती विजापूरचा सुहेलखान, म्हणजे इब्राहीम आदिलशाहाचा सरदार. ज्या वर्षी रामायणाच्या प्रतीचे काम सुरू झाले त्याच वर्षी रामायणाचा आश्रयदाता आणि सरस्वतीचा उपासक यांच्या फौजा एकमेकांच्या रक्तात न्हाल्या. गावे उजाड झाली असतील, पिके तुडवली गेली असतील, आणि ती पिके वऱ्हाड-मराठवाड्यातल्या हिंदू-मुसलमान कुणब्यांचीच होती. चित्रांनी माणूस संत होत नाही. राजाने रामायण रंगवून घेतले म्हणून त्याची तलवार बोथट झाली नाही. आपण ही चित्रे वकिलाच्या पुराव्यासारखी कोर्टात मांडू लागलो, तर समोरचा दुसऱ्या बाजूचे पुरावे मांडील आणि त्यालाही ते मिळतील. म्हणून या चित्रांकडून फार मोठी साक्ष मागू नये. ती एवढेच सांगतात की सत्तेसाठी लढणारी ही माणसे शेजाऱ्याच्या देवाची गोष्ट कान देऊन ऐकत होती, आणि तिच्यावर वेळ, पैसा आणि उत्तम कागद खर्च करण्याइतकी ती त्यांना मोलाची वाटत होती.

पुढे ही चित्रे वऱ्हाडात राहिली नाहीत. मोगलांबरोबर आलेले राजपूत सरदार दख्खनमध्ये वर्षानुवर्षे छावण्या टाकून होते. बिकानेरच्या राजांनी दख्खनी चित्रे आपल्या संग्रहात नेली, उत्तर दख्खनची ती रागमालाही त्यांच्याच घरून बाहेर आली. आंबेरचे मिर्झाराजे जयसिंग यांची छत्री बाळापुरात मन नदीच्या काठी उभी आहे. मिर्झाराजे १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात वारले. फौजा आल्या तशा गेल्या आणि जाताना तसबिरी घेऊन गेल्या. आपल्याकडे छत्री राहिली, किल्ला राहिला, दरवाजे राहिले.

तसवीर आणि आपण

तसवीर हा शब्द आपल्या समाजात अवघड आहे. सजीवाचे चित्र काढणाऱ्याविषयी हदीसमध्ये कडक इशारे आहेत आणि उलेमांनी त्यांचे अर्थ वेगवेगळे लावले आहेत. कुणी सर्व चित्रे निषिद्ध मानतात, कुणी पूजेसाठी केलेली तेवढी. मी आलिमा नाही, फतवा देणे माझे काम नाही. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मात्र अबुल फज्ल यांनी 'आईन-ए-अकबरी'त नोंदवलेले अकबराचे मत मला महत्त्वाचे वाटते. चित्रकाराला देव ओळखण्याचा वेगळा मार्ग सापडतो, कारण एकेक अवयव रंगवल्यावर त्याला कळते की यात प्राण भरणे आपल्या हातात नाही, आणि मग त्याला प्राण देणाऱ्याची आठवण होते, अशा आशयाचे ते मत आहे. सगळ्यांना ते पटेल असे नाही. पण तसवीर आणि तौहीद यांच्यातल्या ओढाताणीचा विचार आपल्याच पूर्वजांनी केला होता, एवढे तरी मुलांना कळावे.

विसाव्या शतकातही ही वाट बंद झाली नाही, आणि याही वेळी ती वऱ्हाडाच्या आसपासच फिरत होती. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया येथे झाला. वऱ्हाड आणि मंडला तेव्हा एकाच प्रांतात होते. वडील जंगलखात्यात. प्राथमिक शाळेत मुलाचे लक्ष लागेना, तेव्हा नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितले, याच्याकडे पाहत बस. आम्हा शिक्षकांना हा प्रसंग पाठ असावा असा आहे. रझा १९३९ ते १९४३ नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईच्या जे. जे. मध्ये. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, त्यात सूझा, आरा, हुसेन, बाकरे यांच्याबरोबर रझा होते आणि हरी अंबादास गाडे होते. हे गाडे (१९१७–२००१) आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. फाळणीनंतर रझा यांचे भाऊ-बहीण पाकिस्तानात गेले, रझा गेले नाहीत. १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि साठ वर्षे तेथे राहिले. १९८० च्या सुमारास तो शाळेतला ठिपका 'बिंदू' होऊन त्यांच्या कॅनव्हासवर परत आला. बिंदू, पंचमहाभूते, कुंडलिनी, प्रकृती-पुरुष हे त्यांचे विषय झाले. चित्रांत ते देवनागरीत ओळी लिहीत. कबीरही त्यांत असत आणि गालिबही. मशीद, मंदिर आणि चर्च तिन्हींत ते नम्रपणे जात. २०१० च्या शेवटी ते भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याच्या कब्रस्तानात वडिलांच्या शेजारी त्यांना दफन केले गेले. आयुष्यभर बिंदू रंगवलेला माणूस नर्मदेकाठच्या मातीत वडिलांजवळ गेला. यातही इब्राहीम रोजाचीच गोष्ट आहे.

मकबूल फिदा हुसेन यांची गोष्ट इतकी शांत नाही. त्यांचा जन्म १९१५ मध्ये पंढरपूरचा. राम मनोहर लोहिया यांनी सुचवले म्हणून त्यांनी रामायण रंगवायला घेतले आणि हैदराबादेत बद्रीविशाल पित्ती यांच्या घरी राहून दीडशेच्या आसपास चित्रे काढली. रागमालेवरही त्यांनी चित्रमालिका केली. १९९६ पासून देवतांच्या त्यांच्या जुन्या चित्रांवरून खटले आणि हल्ले सुरू झाले. २००४ मध्ये त्यांच्या 'मीनाक्षी' या चित्रपटातल्या एका गीतावर मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि त्यांनी चित्रपट काढून घेतला. २००६ मध्ये ते देश सोडून गेले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे खटले रद्द केले, पण ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाला चंद्रभागेपासून इतक्या लांब माती मिळाली. दोन्ही बाजूंनी हात झटकले की काय होते, याचे हे उदाहरण आहे. हुसेन यांच्या प्रत्येक चित्राचे समर्थन करावे असे माझे म्हणणे नाही. चित्र न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण चित्र आवडले नाही म्हणून चित्रकाराची जन्मभूमी काढून घेण्याचा हक्क कुणालाच नाही.

मग आपण काय करावे? मोठे काही नको. वऱ्हाडात भक्तिसंगीत पुस्तकातून येत नाही, ते कानावर पडते. गाडगेबाबांचे कीर्तन आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकलेली मुसलमान माणसे अमरावती जिल्ह्यात गावोगाव होती. मोझरीची सर्वधर्मीय प्रार्थना आमच्या कितीतरी वडीलधाऱ्यांनी हिंदू शेजाऱ्यांबरोबर बसून ऐकली आहे. त्यांना आपण काही विशेष करतो आहोत असे वाटत नव्हते. ज्याला विशेष वाटत नाही, त्याची नोंद होत नाही, आणि नोंद झाली नाही की पुढची पिढी म्हणते, असे कधी नव्हतेच.

म्हणून शाळांच्या सहली नरनाळ्याला जाव्यात आणि महाकाली दरवाजावरची अक्षरे मुलांनी मोठ्याने वाचावीत. उर्दू शाळेतल्या मुलांना ती लिपी अनोळखी नाही, आणि त्यांच्याबरोबर मराठी शाळेतली मुले असतील तर त्यांना ती वाचून दाखवता येईल. बाळापूरच्या छत्रीखाली उभे राहून रहीम यांचा दोहा म्हणता येईल. फ्रीअर आणि बॉडलियन यांच्या संग्रहातली चित्रे आता संगणकावर पाहता येतात. ऑक्सफर्डला गेलेली रागमाला अकोल्याच्या वर्गात यायला विमान लागत नाही.

मागच्या वर्षी मी नववीच्या मुलींना तोडी रागिणीचे एक चित्र दाखवले. वीणा घेतलेली एकटी स्त्री, समोर हरणे. नाव, काळ, धर्म काहीच सांगितले नाही. फक्त विचारले, ही काय करते आहे? एकीने सांगितले, 'बाजी, ती कुणाला तरी बोलावते आहे, पण आले ते दुसरेच.' ज्ञानकोशात तोडीचे याहून चांगले वर्णन मला मिळालेले नाही. त्यानंतर मी त्यांना सांगितले की असली चित्रे काढवून घेणाऱ्यांपैकी एक जण आपल्याच भागात सुभेदारी करत होता. त्या दिवशी 'मग ते मुसलमान होते ना?' असे कुणी विचारले नाही. त्यांनी विचारले, 'मग ती चित्रे इथे का नाहीत?'

हा प्रश्न मला बरोबर वाटतो. त्याचे उत्तर शोधायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.